लोर्ना कोर्देरो : आधुनिक कोकणी नृत्यगीताच्या आद्य गायिकेची कारकीर्द

सारांश

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईतील गोमंतकीय वाद्यवृंदांमधून कोकणी भाषेचे एक नवे गीत जन्माला आले. पाश्चात्त्य नृत्यसंगीताची लय, पितळी सुषिर वाद्यांचा भरणा आणि घराघरांतील कोकणी बोली यांचा मिलाफ असलेल्या या गीताला ज्या आवाजाने ओळख मिळवून दिली, तो आवाज लोर्ना कोर्देरो यांचा. संगीतकार क्रिस पेरी यांच्यासमवेत त्यांनी गायिलेली गीते अर्धशतकानंतरही गोमंतकीय समाजात गायिली जातात. तथापि लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्यांचे गाणे थांबले आणि सुमारे दोन दशके ते थांबलेलेच राहिले. प्रस्तुत लेखात लोर्ना यांच्या कारकिर्दीचा परिचय करून देत, त्याच काळात जमैकात उदयास आलेल्या स्का संगीताशी या गीतप्रकाराची तुलना केली आहे आणि लोकप्रिय संगीतात गायिकेचा तिच्या आवाजावर कितपत अधिकार असतो, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : लोर्ना, क्रिस पेरी, कोकणी गीत, नृत्यवृंद, स्का, ध्वनिमुद्रण, कलावंताचे हक्क.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास प्रामुख्याने शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीत, लावणी आणि चित्रपटगीत या प्रवाहांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. याच इतिहासाच्या समांतर मुंबईत आणखी एक संगीत नांदत होते. चर्चगेट परिसरातील हॉटेले, जिमखाने, लग्नसमारंभ आणि नाताळचे मेळावे येथे वाजणारे हे नृत्यसंगीत बहुतांशी गोमंतकीय वादकांच्या हाती होते. हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवीत आणि रात्री हॉटेलांत इंग्रजी गीतांची साथ करीत. मराठी आणि हिंदी रसिकांच्या कानांवर त्यांचे वादन रोज पडत होते. परंतु त्यांची नावे आणि त्यांच्या मातृभाषेतील गीते या रसिकांपर्यंत क्वचितच पोहोचली. लोर्ना कोर्देरो या त्याच जगातून पुढे आल्या.

लोर्ना यांच्याविषयी जनमानसात दोन प्रतिमा रूढ आहेत. एक, गोव्याची गानकोकिळा ही. आणि दुसरी, एका शोकात्म प्रेमकथेची नायिका ही. या दोन्ही प्रतिमांमुळे एक व्यावसायिक गायिका म्हणून त्यांनी नेमके काय केले आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हा भाग झाकला जातो. तो उलगडणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) मुंबईतील गोमंतकीय नृत्यवृंदांची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) लोर्ना यांची कारकीर्द आणि गायनशैली यांचा परिचय करून देणे.
३) कोकणी नृत्यगीत आणि जमैकन स्का यांतील साम्यभेद स्पष्ट करणे.
४) लोकप्रिय संगीतातील गायिकेच्या हक्कांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे.

१. गोमंतकीय वादक आणि मुंबईचे नृत्यवृंद

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकापासून चर्चशी संलग्न शाळा स्थापन झाल्या. या शाळांमध्ये प्रार्थनासंगीतासाठी मुलांना स्वरलेखन वाचणे, समूहगायन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकविली जात. धार्मिक गरजेतून निर्माण झालेल्या या शिक्षणाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की पाश्चात्त्य स्वरलेखन सराईतपणे वाचू शकणारा वादकवर्ग पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेला. गोव्यात या कौशल्याला पुरेसे काम नव्हते. त्यामुळे लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रपटगृहे, हॉटेले आणि पुढे बोलपट अशा ठिकाणी हे वादक पसरले. मुंबईत येणाऱ्या गोमंतकीयाला आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडा’त राहण्याची सोय मिळे. धोबीतलाव आणि त्याच्या आसपासचे असे कूड हे खलाशी, आचारी आणि वादक यांचे मुंबईतील पहिले घर होते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकन जॅझ मुंबईत आले आणि गोमंतकीय वादकांनी ते आत्मसात केले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे या पिढीतील ठळक नाव होय. त्यांचे मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील गीतांमागे त्यांच्या वादनाचा मोठा वाटा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा आणि फ्रँक फर्नांड या संगीत-संयोजकांनी हिंदी चित्रपटगीताला वाद्यमेळाची नवी दृष्टी दिली. संगीतकाराने सुचविलेल्या चालीला स्वरलेखनात बांधणे, प्रत्येक वाद्याची ओळ स्वतंत्रपणे लिहिणे आणि पन्नास-साठ वादकांकडून ती वाजवून घेणे हे त्यांचे काम होते. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे स्थान बहुधा दुय्यम असे किंवा नसेच. कामाचा भार एकाकडे आणि श्रेय दुसऱ्याकडे, ही लोकप्रिय संगीत-व्यवसायातील रीत लोर्ना यांच्या कारकिर्दीच्या संदर्भातही ध्यानात ठेवावी लागते.

२. कोकणी गीताची पूर्वपीठिका

कोकणी गीताला मांडो, दुलपद आणि देखणी यांची जुनी परंपरा आहे. मांडो हे संथ, विरहभावाचे नृत्यगीत. दुलपद हे त्याच्या जोडीने येणारे चपळ गीत. तर देखणीत कोकणी शब्द, लोकनृत्याचा ठेका आणि पाश्चात्त्य स्वररचना एकत्र येतात. याशिवाय रंगभूमीवरून आलेला प्रवाह म्हणजे ‘कांतार’. १८९२ मध्ये मुंबईत पहिला तियात्र सादर झाला. तेव्हापासून अंकांच्या मधे गायिली जाणारी ही गीते सामाजिक टीका, विनोद आणि उपदेश यांचे लोकप्रिय माध्यम बनली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर कोकणी गीतेही निघाली.

या परंपरेत स्त्रियांचा सहभाग होता. परंतु व्यावसायिक मंचावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी, मराठी रंगभूमीप्रमाणेच, दीर्घकाळ संशयाची होती. नृत्यवृंदात तर मंचावर वादकांच्या पुढे उभी राहणारी गायिका हे रात्रीच्या जगाचे प्रतीक मानले जाई. अशा स्थितीत मध्यमवर्गीय ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात जिच्या तबकड्या अभिमानाने वाजविल्या जातील अशी गायिका उदयास येणे, ही सामाजिकदृष्ट्याही महत्त्वाची घटना होती.

राजकीय पार्श्वभूमीही लक्षात घेतली पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होता केंद्रशासित प्रदेश राहण्याचा निर्णय घेतला. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद या काळात तीव्र होता. उल्हास बुयांव यांच्यासारख्या गायकांनी कोकणी गीत थेट प्रचारासाठी वापरले. लोर्ना यांची गीते प्रचारगीते नव्हती. परंतु ज्या भाषेला अनेकजण घरगुती बोली समजत होते, ती भाषा आधुनिक, शहरी आणि तालेवार गीताला पुरी पडते, हे या गीतांनी कोणताही युक्तिवाद न करता दाखवून दिले.

३. लोर्ना आणि क्रिस पेरी

लोर्ना यांचा जन्म १९४६ मध्ये मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात झाला. किशोरवयातच त्या इंग्रजी लोकप्रिय गीते गाऊ लागल्या. वाद्यवृंदाच्या साथीने त्या काळातील परदेशी गायिकांची गीते हुबेहूब गाणे ही नवोदित गायिकेची पहिली परीक्षा असे. याच टप्प्यावर क्रिस पेरी यांनी त्यांना हेरले आणि आपल्या वाद्यवृंदात घेतले.

क्रिस पेरी (१९२८-२००२) हे मूळचे मडगावचे. त्यांचे कौटुंबिक आडनाव पेरेरा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन या दोन्ही वाद्यांवर त्यांचे प्रभुत्व होते. वादक, वृंदप्रमुख, संगीतकार आणि गीतकार अशा चारही भूमिका ते पार पाडीत. पाश्चात्त्य नृत्यवृंदाची संपूर्ण भाषा अवगत असलेल्या या कलावंताने ती कोकणी गीतासाठी वापरण्याचे ठरविले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. पुढे १९७७ मध्ये पहिला रंगीत कोकणी चित्रपट ‘भुंयारांतलो मनीस’ प्रदर्शित झाला, त्यामागेही क्रिस पेरी यांचीच प्रेरणा होती.

सातव्या दशकात चर्चगेटच्या रस्त्यावरील ॲस्टोरिया, ॲम्बॅसेडर, गेलॉर्ड इत्यादी ठिकाणी एकाच संध्याकाळी अनेक वाद्यवृंद वाजत. ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ हे जॅझसाठी विशेष नावाजलेले स्थान होते. लोर्ना यांनी अशा मंचांवर गाऊन आपला आवाज कमावला. वृंदातील गायिकेचे हे शिक्षण कठोर असे. ध्वनिक्षेपण साधे, समोर नाचणारा आणि गप्पा मारणारा श्रोता, मागे पूर्ण ताकदीने वाजणारी पितळी वाद्ये. यांतून शब्द आणि स्वर पार पोहोचवायचा असे. लोर्ना यांच्या आवाजातील भरदारपणाचे मूळ या अनुभवात शोधता येते.

या जोडीची कोकणी गीते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने ध्वनिमुद्रित केली आणि ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘तुजो मोग’, ‘लिस्बोआ’, ‘नाचोंया कुंपासार’ आदी गीते घरोघरी पोहोचली. गोव्यातील आकाशवाणी केंद्र, मुंबईतील कूड आणि आखाती देश व आफ्रिकेत स्थलांतरित झालेले गोमंतकीय या तीन वाटांनी ही गीते पसरली. परदेशी नोकरीसाठी गेलेल्या माणसाच्या सामानात कोकणी गीतांची तबकडी असणे ही त्या पिढीची परिचित आठवण आहे.

४. गीतांची घडण आणि गायनशैली

बहुतेक गीतांचे शब्द आणि चाल क्रिस पेरी यांची. शब्द साधे, घरगुती बोलीतले. ‘बेबदो’ म्हणजे मद्यपी आणि ‘पिसो’ म्हणजे वेडा. ‘तुजो मोग’ म्हणजे तुझे प्रेम आणि ‘नाचोंया कुंपासार’ म्हणजे तालावर नाचू या. शीर्षकांवरूनच या गीतांचे विश्व ध्यानात येते. मांडोतील अलंकृत विरहभाषा येथे नाही. येथे बोलते ते स्वयंपाकघरातले, अंगणातले, भांडणातले आणि प्रीतीतले कोकणी.

वाद्यमेळ मात्र गुंतागुंतीचा आहे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन यांचे छोटे ठसठशीत तुकडे गायनाच्या दोन ओळींमधील जागा भरतात. कधी ते गायिकेच्या ओळीला उत्तर देतात, तर कधी तिला पुढे ढकलतात. लॅटिन अमेरिकन नृत्यप्रकारांचे ठेके आणि जॅझमधील झुलती लय यांचा उपयोग गीताच्या भावानुसार केलेला आढळतो. गंमतीच्या गीतात पितळी वाद्ये हसतात. विरहाच्या गीतात तीच वाद्ये लांब, दबल्या स्वरात वाजतात.

या वाद्यमेळासमोर लोर्ना यांचे गायन तीन गुणांमुळे उठून दिसते. पहिला गुण आवाजाच्या जातीचा. त्या काळातील भारतीय चित्रपटगीतात स्त्रीचा आवाज उंच, बारीक आणि कोमल असावा असा संकेत रूढ होता. लोर्ना यांचा आवाज खालच्या सप्तकात भरदार आणि छातीतून येणारा आहे; वरच्या स्वरावरही तो बारीक होत नाही, तर पितळी वाद्यासारखा धारदार होतो. दुसरा गुण शब्दफेकीचा. कोकणीतील अनुनासिक स्वर आणि आघाती व्यंजने त्या अचूक मात्रेवर टाकतात. त्यामुळे शब्द हे स्वतःच तालवाद्य बनतात. तिसरा गुण नाट्याचा. ओळीच्या अर्थानुसार आवाजात चिडवणे, दटावणे किंवा आर्जव आणण्याची हातोटी तियात्रच्या परंपरेशी नाते सांगते. शब्द आणि चाल दुसऱ्याची असली, तरी हे तिन्ही गुण स्वरलेखनाच्या कागदावर उतरत नाहीत. ते गायिकेचे योगदान आहे आणि या गीतांचे अर्धे सामर्थ्य त्यात आहे.

५. स्का संगीताशी तुलना

एखाद्या प्रादेशिक घटनेचा अर्थ दूरच्या समांतर घटनेच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो. लोर्ना स्का गायिका नव्हत्या आणि कोकणी नृत्यगीत स्कापासून निघालेले नाही. तरीही दोहोंची घडण विस्मयकारकरीत्या सारखी आहे.

स्का हे कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आकारास आलेले नृत्यसंगीत होय. स्थानिक ‘मेंटो’ लोकसंगीत, अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज आणि जॅझ यांच्या संयोगातून ते घडले. त्याचे ओळखचिन्ह म्हणजे उलटा ठेका. चार मात्रांच्या आवर्तनात ‘एक-आणि-दोन-आणि’ असे मोजल्यास भारतीय कानाला ‘एक’ व ‘दोन’ यांवर जोर अपेक्षित असतो. स्कामध्ये गिटार आणि पियानो यांचा तुटक आघात ‘आणि’वर पडतो. त्यामुळे लय सतत उचलली जात आहे असा भास होतो आणि पाय आपोआप हलतात. यावर ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन यांची धून वाजते. पुढे लय संथ होत याच संगीतातून रॉकस्टेडी आणि रेगे हे प्रकार निघाले.

साम्याचा पहिला मुद्दा वादकांच्या शिक्षणाचा आहे. किंग्स्टन शहरात कॅथलिक धर्मभगिनींनी चालविलेल्या ‘अल्फा बॉइज स्कूल’ या संस्थेत गरीब मुलांना बँडचे शिक्षण मिळे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कॅटलाइट्स’ या अग्रगण्य स्का वृंदातील ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवादक टॉमी मॅकूक आणि इतर काही वादक याच शाळेतून आले होते. चर्चच्या छायेत स्वरलेखन शिकलेले, हॉटेलांत पर्यटकांसाठी जॅझ वाजविणारे आणि नंतर आपल्या समाजासाठी स्वतःचे नृत्यसंगीत रचणारे वादक हे वर्णन किंग्स्टनला लागू पडते तसेच मुंबईतील गोमंतकीयांनाही लागू पडते.

दुसरा मुद्दा काळाचा. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाले. गोवा त्याआधी आठ महिन्यांपेक्षाही कमी काळापूर्वी मुक्त झाला होता. वसाहतवादी सत्ता संपत असताना सत्ताधाऱ्यांच्या वाद्यांवर आपली बोली गाण्याचा आत्मविश्वास दोन्हीकडे दिसून येतो.

तिसरा मुद्दा गायिकेच्या स्थानाचा. स्का जगभर पोहोचले ते १९६४ मध्ये मिली स्मॉल या किशोरवयीन जमैकन गायिकेने गायिलेल्या ‘माय बॉय लॉलिपॉप’ या गीतामुळे. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या लोकप्रियता-यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. हे गीत मुळात १९५६ मध्ये अमेरिकेत बार्बी गे या दुसऱ्या किशोरवयीन मुलीने गायिले होते. तिचे नाव आज मोजक्याच अभ्यासकांना ठाऊक आहे. मिली यांना जमैकातून लंडनला नेणारे आणि त्यांच्या कारकिर्दीची सूत्रे सांभाळणारे निर्माते क्रिस ब्लॅकवेल होते. त्या पहिल्या यशाची पुनरावृत्ती मिली यांच्या आयुष्यात झाली नाही. पुढील अनेक दशके त्या प्रसिद्धीपासून दूर राहिल्या. जमैका सरकारने २०११ मध्ये त्यांचा सन्मान केला आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. संगीतप्रकार एका मुलीच्या आवाजाने ओळखला जातो, मात्र त्या प्रकाराच्या व्यवहारात तिचा शब्द चालत नाही, ही विसंगती दोन्ही ठिकाणी सारखीच आढळते.

भेदही स्पष्ट आहेत. स्काला किंग्स्टनमधील ‘साउंड सिस्टिम’ म्हणजे रस्त्यावरील फिरत्या ध्वनिक्षेपकांची मोठी बाजारपेठ आणि लंडनमधील स्थलांतरितांचा पाठिंबा मिळाला. त्यातून स्वतंत्र निर्माते व कंपन्या उभ्या राहिल्या. कोकणी गीताची बाजारपेठ लहान होती आणि ध्वनिमुद्रणासाठी ते मोठ्या कंपनीवर अवलंबून होते. स्का इंग्रजीच्या जमैकन रूपात असल्याने परदेशात समजले. कोकणी गीत मात्र आपल्या भाषिक समाजापुरतेच राहिले.

६. मौनाची वर्षे

लोर्ना आणि क्रिस पेरी यांचे संबंध व्यावसायिक तसेच व्यक्तिगतही होते आणि दोन्ही पातळ्यांवर ते तुटले. आठव्या दशकात लोर्ना यांचे सार्वजनिक गायन थांबले. त्यांनी अन्य वृंदाबरोबर गाऊ नये अशा आशयाच्या कराराचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येतो. या व्यक्तिगत कथेपेक्षा त्यामागील व्यवस्थेचा विचार येथे अधिक उपयुक्त ठरेल.

गायिकेने दुसरीकडे गाऊ नये, अशा कराराचा प्रश्न कायद्याला नवा नाही. १८५२ च्या ‘लम्ली विरुद्ध वॅग्नर’ या प्रसिद्ध इंग्रजी खटल्यात न्यायालयाने ऑपेरा गायिका योहाना वॅग्नर यांना प्रतिस्पर्धी नाट्यगृहात गाण्यास मनाई केली होती. हेच तत्त्व भारताच्या १८७७ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात उदाहरणासह समाविष्ट झाले. त्याचा आशय असा, की न्यायालय गायिकेला गाण्याची सक्ती करू शकत नाही. परंतु कराराच्या मुदतीत अन्यत्र गाण्यापासून तिला रोखू शकते. दुसऱ्या बाजूला १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम २७ व्यवसायावर निर्बंध घालणारे करार रद्दबातल ठरविते. त्यामुळे कराराची मुदत संपल्यानंतरही उपजीविका रोखणारे बंधन न्यायालयात टिकणे कठीण असते.

मग दोन दशकांचे मौन केवळ कायद्याने स्पष्ट होत नाही. त्याचे उत्तर त्या व्यवसायाच्या रचनेत शोधावे लागते. गोमंतकीय वाद्यवृंदांचे जग लहान होते. गीते, स्वरलेखन, वादकांशी संबंध आणि कंपनीशी व्यवहार हे सर्व वृंदप्रमुखाच्या हाती असे. गायिकेजवळ केवळ तिचा आवाज उरे आणि त्या आवाजाची ओळख दुसऱ्याच्या रचनांशी जोडलेली असे. शिवाय भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात त्या काळी गायकाच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्कच नव्हता. १९५७ च्या अधिनियमाने गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता यांचे हक्क मान्य केले होते. सादरकर्त्या कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम आला आणि सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातील मोबदल्याचा वाटा तसेच नैतिक हक्क २०१२ च्या दुरुस्तीने मिळाले. याचा अर्थ असा, की लोर्ना यांची तबकडी ज्या वर्षांत सर्वाधिक वाजत होती, त्या वर्षांत कायद्याच्या दृष्टीने त्या गीतात त्यांचे स्वतःचे असे काहीही नव्हते.

याच सुमारास मुंबईतील नृत्यवृंदांचे जगही आटत होते. करमणूक कर, प्रत्यक्ष वाद्यवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित संगीत वाजविणाऱ्या डिस्कोथेकचा उदय, इलेक्ट्रिक गिटारप्रधान गटांची लोकप्रियता आणि वादकांचे परदेशी स्थलांतर या कारणांनी हॉटेलांतील मोठे वृंद एकामागून एक बंद झाले. परतायचे ठरविले असते, तरी परतण्यासाठी पूर्वीचा मंच शिल्लक नव्हता.

७. पुनरागमन

१९९५ मध्ये लोर्ना पुन्हा गाऊ लागल्या. मुंबईतील संगीत-संयोजक व वादक रॉनी मोन्सेरात यांच्या पुढाकाराने ‘हॅलो लोर्ना’ ही ध्वनिफीत निघाली आणि त्याच वर्षी गोव्यात मिरामार येथे त्यांचे जाहीर पुनरागमन झाले. मोठ्या जनसमुदायाने त्यांचे स्वागत केले. मधल्या काळात कोकणी भाषेचे स्थानही पालटले होते. १९८७ मध्ये कोकणीला गोव्याची राजभाषा म्हणून मान्यता मिळाली आणि १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. ज्या भाषेचे स्थान वादग्रस्त असताना लोर्ना गायिल्या होत्या, ती भाषा आता अधिकृत झाली होती. तिच्या लोकप्रिय स्मृतीत मात्र लोर्ना यांना स्थान मिळण्यासाठी कोणत्याही मान्यतेची वाट पाहावी लागली नव्हती.

पुनरागमनाचे महत्त्व केवळ भावनिक नाही. प्रौढ वयात, नव्या संयोजकाच्या साथीने आणि नव्या गीतांसह उभे राहून लोर्ना यांनी आपला आवाज एका वृंदप्रमुखाच्या रचनांपलीकडेही टिकू शकतो, हे सिद्ध केले. आवाज वयानुसार अधिक खोल झाला होता. शब्दफेक आणि लयीवरील पकड कायम होती.

८. चित्रपटातील प्रतिमा आणि चरित्र

२०१४ मध्ये बार्द्रॉय बार्रेतो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नाचोंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाने ही गीते नव्या पिढीपर्यंत नेली. डोना आणि लॉरी या काल्पनिक पात्रांच्या आधारे रचलेल्या या चित्रपटात पालोमी घोष आणि विजय मौर्य यांनी प्रमुख भूमिका केल्या. जुन्या गीतांची पुनर्रचना रॉनी मोन्सेरात यांनी केली. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट आणि निर्मिती-संकल्पन हे पुरस्कार त्याला मिळाले. पालोमी घोष यांचाही विशेष उल्लेख झाला.

हा चित्रपट क्रिस पेरी व लोर्ना यांच्या जीवनावरून स्फुरला असला, तरी ते चरित्र नव्हे. चित्रपट स्वभावतः कथेला प्रेमाच्या सूत्रात बांधतो. त्यामुळे गायिकेचे मौन हे प्रेमभंगाचे फळ म्हणून प्रेक्षकांच्या मनात राहते आणि त्यामागील काम, मोबदला, करार व श्रेय हे प्रश्न मागे पडतात. अभ्यासकाने दोन्ही बाबी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) लोर्ना कोर्देरो यांनी कोकणी गीतात आधुनिक, शहरी आणि आत्मविश्वासपूर्ण स्त्रीस्वर प्रस्थापित केला. भारतीय लोकप्रिय संगीतातील कोमल स्त्रीस्वराच्या संकेताला हा एक समर्थ पर्याय होता.

२) त्यांची गीते ही क्रिस पेरी यांची रचनाशक्ती आणि लोर्ना यांची सादरीकरणशक्ती यांची संयुक्त निर्मिती आहे. पहिलीची नोंद स्वरलेखनात व श्रेयनामावलीत होते. दुसरीची नोंद केवळ ध्वनिमुद्रणात राहते.

३) चर्चप्रणीत संगीतशिक्षण, हॉटेलांतील जॅझ, वसाहतमुक्ती आणि बोलीभाषेतील नृत्यगीत या क्रमाने कोकणी नृत्यगीत आणि जमैकन स्का समांतर वाटांनी घडले. दोन्हीकडे गायिका संगीतप्रकाराचा चेहरा ठरली, सूत्रधार मात्र दुसराच होता.

४) सादरकर्त्या कलावंतांचे हक्क भारतीय कायद्यात उशिरा आले. १९९४ पूर्वीच्या प्रादेशिक गायिकांच्या कारकिर्दींचा अभ्यास करताना या उणिवेचा विचार अपरिहार्य आहे. लावणी, तमाशा आणि लोकगीत या क्षेत्रांतील महाराष्ट्रातील गायिकांनाही हेच सूत्र लावून पाहता येईल.

लोर्ना यांच्या वाट्याला पुनरागमनाची संधी आली. त्यांच्या समकालीन अनेक गायिका व वादक यांना ती मिळाली नाही. जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवरील नावे टिपणे, हयात कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे आणि वाद्यवृंदांची हस्तलिखित स्वरलेखने जतन करणे ही कामे महाविद्यालयीन पातळीवरही करता येण्याजोगी आहेत. गीत लोकांच्या ओठी राहिले, तरी ते कोणी गायिले आणि त्याचे मोल गाणाऱ्याला काय मिळाले, याची नोंद झाल्याविना त्या गीताचा इतिहास पूर्ण होत नाही.